नायलॉनचे दाते आणि होडीची कविता

तीर्थस्वरूप अक्कास,

तुझ्या धाकट्या (आणि सत्तरी ओलांडली तरी धाकट्याच) भावाचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. तुझा खांदा कसा आहे ते आधी कळव. डॉक्टरांनी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला सांगितलाय असं तू लिहिलं होतंस. ते वाचताना मला वर्गात हात वर करून बसलेली तू आठवलीस. गुरुजींचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तुझा हात वर. माझं स्पष्ट मत आहे की तो खांदा तेव्हाच झिजला, डॉक्टर उगाच वयावर संशय घेतायत. भावोजींचा खोकला बसला का? मागच्या वेळी त्यांनी फोनवर मला "काय म्हणतोस?" एवढं विचारलं आणि पुढे नुसते खोकलेच, त्यामुळे मी काय म्हणतो ते राहून गेलं. तेच आता लिहितो. पत्र लांबणार आहे. चष्मा पुसून घे, चहा घेऊन बस, आणि कृपा करून मध्येच उठून गॅस बघायला जाऊ नकोस.

इकडे सगळं ठीक आहे. चिरंजीव ठीक, सूनबाई ठीक, मी तर इतका ठीक आहे की घरच्यांना त्याचा त्रास होऊ लागलाय. फक्त तुझ्या भावजयीचे हात रिकामे आहेत. भांडण झालेलं नाही, दुखणंखुपणं नाही. ती खिडकीशी तिच्या जागेवर बसते, बाहेर बघते, आणि हात मांडीवर ठेवते. एवढंच. पण अक्का, लग्न झाल्यापासून मी ते हात मांडीवर ठेवलेले पाहिले नव्हते. कधी उसवणं, कधी शिवणं, कधी दुसऱ्याच्या शर्टाचं बटण. आता ते असे दोन हात नुसते पडलेले बघितले की मला परीक्षा संपल्यावरचा रिकामा वर्ग आठवतो, बाकं तेवढी जागेवर आणि पोरं गेलेली.

कारण असं की तिचं शिवणाचं मशीन बंद पडलं. हो, तेच. तुला आठवतं ना, बाबांनी तुझ्या लग्नाच्या वेळी एक घेतलं आणि "धाकट्याची बायको येईल तेव्हा असं मिळेल न मिळेल" म्हणून दुसरं त्याच दुकानातून, त्याच दिवशी, अगदी जुळं घेऊन टाकलं? (माझी बायको तेव्हा शाळेत जात असेल, आणि मी कुणाला आवडेन अशी कोणतीही लक्षणं नव्हती. बाबांचा विश्वास मोठा.) दोन खोकी एकाच हातगाडीवरून आली. गाडीवाला पाणी प्यायला आत गेला आणि तू त्या खोक्यांवर चढून सातवीच्या पुस्तकातली होडीची कविता म्हणून दाखवलीस, हातवाऱ्यांसकट. आई ओरडली, "नवरी मुलगी तू, उतर खाली." तू दोन कडवी पुरी केलीस आणि मगच उतरलीस. तुझं मशीन मोठं नशीबवान निघालं. तू त्याला झाकण घालून कोपऱ्यात बसवलंस, वर टेलिफोन ठेवलास, आणि गेली कित्येक वर्षं ते बसून खातंय. त्याच्या इकडच्या जुळ्या भावंडाने मात्र शाळेचे गणवेश शिवले, उशांचे अभ्रे शिवले, गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांचे पडदे शिवले, आणि शेवटी एका दुपारी अभ्र्याच्या अर्ध्यावर 'कट' असा आवाज करून थांबलं. हाताने चाक फिरवलं तर फिरतंय, पण सुई जागची हलत नाही.

मेकॅनिक आला, त्याने पोट उघडलं. आत सगळी लोखंडी दातेरी चाकं, आणि त्यांच्या मधोमध एकच पांढरं. त्या पांढऱ्याचे तीन दात पडलेले आणि अंगाला चीर गेलेली. मेकॅनिक म्हणाला, हा गिअर आता कुणी बनवत नाही, नवं मशीन घ्या. मी म्हटलं, लोखंडाचा करून बसवा. तर म्हणतो, "मग आजोबा, बाकीच्यांचे दात जातील. एक मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, काही अडलं की त्यानेच तुटायचं." (प्रत्येक कुटुंबात असा एक असतो. आपल्याकडे तो मी, हे तू आत्ता मनात म्हणालीस ते मला इथे ऐकू आलं.)

चिरंजीव वाईट नाही, हे आधी लिहून ठेवतो. तो म्हणाला, "आई, आता बास झालं शिवणं. आराम कर." आणि आईच्या आरामासाठी म्हणून, खिडकीतली जागा मोकळी होतेच आहे तर तिथे ठेवायला, त्याने एक पळायचा पट्टा मागवला. तू पाहिला नसशील. विजेवर चालणारा पट्टा असतो, त्यावर माणसाने जोरजोरात पळायचं आणि घाम गाळून निघाला होता तिथेच उतरायचं. ते प्रचंड खोकं सध्या बोळात उभं आहे. स्वयंपाकघरात जायचं तर पोट आत घेऊन आडवं जावं लागतं. त्यामुळे व्यायाम पट्टा न उघडताच सुरू झालाय.

तर तुझी भावजय त्या खोक्याकडे बघून म्हणाली, "द्या मग मशीन भंगारवाल्याला. रविवारी येतोच तो." दुधाची पिशवी आत ठेवा, हे ज्या आवाजात सांगते त्या आवाजात. आणि हात मांडीवर ठेवून बसली.

अक्का, मी खुर्चीतून उठलो. तुला हे वाक्य साधं वाटेल. पण कारखाना सुटल्यापासून मी त्या खुर्चीत जो बसलोय, तो जेवण, झोप आणि दाढी सोडून फारसा उठलेलो नाही, त्यामुळे सगळ्यांनी वळून पाहिलं. मी म्हटलं, मशीन कुठेही जाणार नाही, गिअर मी करीन. कारण तो पांढरा गिअर नायलॉनचा होता, आणि नायलॉन म्हणजे माझं माणूस.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण मी इतकी वर्षं काय करत होतो ते तू एकदाही नीट विचारलं नाहीस. "धाग्याच्या कारखान्यात आहे" एवढंच लोकांना सांगत आलीस. धागा शेवटी होतो गं. आधी असतं कॅप्रोलॅक्टम. नाव परीक्षेत चुकवण्यासाठीच ठेवल्यासारखं आहे, पण वस्तू गरीब. पांढरे शुभ्र पापुद्रे, पिंप उघडलं की कापराच्या वड्या चुरून ठेवल्यात असं वाटावं. चहा उकळतो त्याच्या कितीतरी आधी वितळतं. अमाइड म्हणून एक घराणं आहे, त्यातलं हे. याच्या प्रत्येक कणात सहा कार्बन आणि एक नायट्रोजन हात धरून गोल उभे असतात, मधल्या सुट्टीत मैदानावर पोरं रिंगण करून उभी राहतात तसे. आता तापवलं आणि योग्य ती चिथावणी दिली की त्या नायट्रोजनचा हात शेजाऱ्याच्या हातातून सुटतो, रिंगण उघडतं, आणि सुटलेला हात पुढच्या उघडलेल्या रिंगणाचा हात पकडतो. तो पुढच्याचा, तो त्याच्या पुढच्याचा. बघता बघता अख्ख्या शाळेची एकच लांब रांग. ती रांग म्हणजे नायलॉन. तुझ्या दात घासायच्या ब्रशाचे केस, भावोजींच्या छत्रीचं कापड, मासे धरायची दोरी, सगळे या रिंगणातून सुटलेले. मी वितळवण्याच्या विभागात होतो, म्हणजे रिंगण मोडायच्या आधीची मधली सुट्टी माझ्या ताब्यात. यावर मी रात्रपाळीत भुजंगप्रयातात दोन ओळी केल्या होत्या:

असे गोल बांधून बैसे बिचारे,
जरा तापता मोकळे हात सारे.

(बोटांवर मोजून बघ, कुठेही मात्रा चुकलेली नाही. आमच्या व्यवस्थापकांना दाखवल्या तर त्यांनी खाली सही करून परत दिल्या. सवय.)

आता ओताऱ्याबद्दल. आमच्या कारखान्यात दुरुस्ती विभागात होता, आता रस्त्याच्या वळणावर त्याची पत्र्याची शेड आहे, आणि तिथे तो नायलॉनचे रूळ नि चकत्या ओततो. खरा ओतारी पितळ ओततो, हा नायलॉन, पण नाव तेच पडलं. मला अजून 'साहेब' म्हणतो, जरी माझं एकही सांगणं त्याने कधी ऐकलेलं नाही. मी तुटका गिअर त्याच्यापुढे ठेवला. म्हणाला, "साहेब, एक जाड चकती ओतू, शेजारचा टर्नर दात पाडून देईल. तुम्ही फक्त बघा." ते 'फक्त' मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

त्याची पद्धत अशी. दोन भांड्यांत कॅप्रोलॅक्टम वितळवायचं. एकात एक औषध घालायचं, दुसऱ्यात दुसरं. दोन्ही भांडी वेगवेगळी ठेवली तर दिवसभर शांत बसतात. एकत्र केली की थोड्याच वेळात दगड. (तुझ्या लग्नात मला हेच वाटलं होतं. तू वेगळी शांत, भावोजी वेगळे शांत.) मी बघत होतो आणि मला राहून राहून चुकल्यासारखं वाटत होतं. कारण आमच्या कारखान्यात सुरुवातीला थोडं पाणी घालावंच लागे. पाणी पहिल्या रिंगणाचा हात सोडवतं, मग पुढचं काम आपोआप. इथे हा बाबा पाण्याचं नाव काढेना. मला वाटलं, वय झालं, विसरला. त्याचा फोन वाजला, तो बाहेर गेला, आणि मी माझ्या पाण्याच्या बाटलीचं टोपण भरून एका भांड्यात सोडलं. चर्र झालं. मला बरं वाटलं.

मग त्याने दोन्ही एकत्र केली, साच्यात ओतली, आणि आम्ही वाट बघत बसलो. दुपार गेली. साच्यात पातळ पाणी ते पातळ पाणीच. ओताऱ्याने पिंपात डोकं घातलं, औषधांची झाकणं हुंगली, हवेत दमटपणा आहे का म्हणून बाहेर जाऊन आभाळ बघून आला. शेवटी त्याची नजर माझ्या बाटलीवर गेली. "साहेब, टोपण ओलं कसं?" मी खरं ते सांगितलं. त्याने बाटलीचं टोपण घट्ट लावून ती शेडच्या दाराबाहेर ठेवली. मग म्हणाला, "तुमच्या त्या उंच टाकीत पाणी म्हणजे पाहुणा होता, साहेब. माझ्याकडे दरोडेखोर आहे. थेंब पडला की औषध मेलं." एकच वस्तू, पोचायचंही एकाच गावाला, पण एका रस्त्याला पाण्यावाचून चालत नाही आणि दुसऱ्याला पाणी चालत नाही. हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नाही. (विचारलं नाहीस म्हणून, असं तू म्हणशील. तेही खरं.)

रविवारी भंगारवाला आला. मी त्याला फाटकातच गाठलं आणि मशीनऐवजी माझी जुनी छत्री दिली. तो नाराज झाला, पण गेला.

दुसऱ्या खेपेला मी शहाण्यासारखं वागलो, आणि त्यानेच घात झाला. तुला माहीत नसेल, पण कारखान्यात फिरत्या रुळांपाशी घड्याळ घालायची बंदी होती, पट्टा अडकून मनगट जायचं. म्हणून प्रत्येकाने वेळ मोजायची आपापली रीत काढली होती. कुणी आकडे म्हणे, कुणी नातेवाइकांची नावं. मी शाळेतल्या कविता म्हणायचो. झडप उघडी ठेवायची ती चार ओळी, टाकीची काच पुसायची ती दोन कडवी. मी कधी चुकलो नाही. ओताऱ्याला हे ठाऊक होतं. त्या दिवशी त्याचा घसा बसलेला, एरवी तो मोठ्याने आकडे मोजतो. तोच म्हणाला, "भांडी एकत्र करून मी ढवळतो. तुम्ही तुमच्या आठ ओळी म्हणा. आठवी झाली की ओततो." ढवळायला त्याची पळी तुटली होती, म्हणून मी घरून तुझ्या भावजयीची मोठी पळी नेली होती. (न विचारता. विचारलं असतं तर मिळाली नसती, आणि मग विचारून नेल्याचं समाधानही नाही.)

मी होडीची कविता घेतली. दुसरी कोणती घेणार? पाच ओळी बरोबर तालात गेल्या. सहाव्या ओळीत तो नावाडी मागे वळून बघतो आणि किनाऱ्यावरचं घर त्याला दिसेनासं होतं, आठवतं? ती ओळ गुरुजी दोनदा म्हणून घ्यायचे, दुसऱ्यांदा हळू. मी दुसऱ्यांदा हळू म्हटली. मग मला खोक्यांवर उभी असलेली तू दिसलीस, हात असा लांब केलेला, खाली आई, दारात पाण्याचा तांब्या घेतलेला गाडीवाला. मी डोळे मिटून ती ओळ तिसऱ्यांदा म्हटली. डोळे उघडले तेव्हा ओतारी दोन्ही हातांनी पळी ओढत होता आणि पळीबरोबर भांडं वर येत होतं.

मी म्हटलं, "अरे, थांबायचं नाही, ओतायचं ना तू."

बसक्या आवाजात म्हणाला, "मीपण ऐकत राहिलो, साहेब. त्याचं घर दिसेना झालं ना."

नायलॉन थिजताना थोडा आकसतो, त्यामुळे गोळा भांड्यातून सुटून आला. पळी मात्र त्यात उभी ती उभीच. मी तो गोळा पिशवीत घालून घरी आणला, पिशवीतून पळीचा दांडा बाहेर. तुझ्या भावजयीने दार उघडलं, दांडा ओळखला, गोळा वरून खाली पाहिला, आणि विचारलं, "आता वाढू कशाने?" मी म्हटलं, पुढच्या खेपेला नक्की जमेल. ती म्हणाली, "पुढच्या खेपेला कढई नेऊ नका म्हणजे झालं." तो गोळा सध्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी ठेवलाय. पळी धरून उचलायला सोयीचा पडतो.

त्या रविवारी भंगारवाल्याला इस्त्री दिली. सूनबाई अजून शोधतायत. तू या बाबतीत काही बोलू नकोस.

तुला वाटेल, हा आता थकला असेल. अजिबात नाही. मी तिसऱ्यांदा गेलो. ओताऱ्याने एकच अट घातली, "साहेब, कविता शेडच्या बाहेर." मी रस्त्यावर उभा राहिलो, तोंड मिटून. एक बाई येऊन विचारून गेल्या की बरं वाटत नाही का. आत त्याच्या मोबाइलचा गजर झाला, ओतल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली. फडक्यात धरलेली चकती होती, हस्तिदंती रंगाची, अजून ऊन. मी ती छातीशी धरली तर शर्टाला डाग पडला. शेजारच्या टर्नरने जुना गिअर समोर ठेवून, पडलेल्या दातांच्या जागा मोजून, नव्यावर दात पाडले. संध्याकाळी मेकॅनिक येऊन बसवून गेला.

घरातले सगळे खिडकीशी जमले. बोळातल्या खोक्याला वळसा घालून चिरंजीवसुद्धा आला. तुझ्या भावजयीने एक चिंधी सुईखाली सरकवली, पाय दाबला, आणि मशीन चालू लागलं. तो आवाज, अक्का. मी त्या आवाजाच्या शेजारी बसून इतकी वर्षं पेपर वाचला, आणि तो आवाज आहे हे मला तो बंद पडल्यावर कळलं होतं. तिने चिंधी उचलली, उजेडाकडे धरली, टाका पाहिला आणि म्हणाली, "बरा आहे." आमच्या घरात याच्यापुढे पदवी नाही.

मी इथे थांबायला हवं होतं. कोणताही शहाणा माणूस थांबला असता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला आठवलं की कोरडा, ताजा नायलॉन ठिसूळ असतो. त्याला पाणी प्यायला दिलं की तो चिवट होतो. कारखान्यात नव्या नायलॉनच्या चकत्या आम्ही आधी उकळून घ्यायचो. हे शंभर टक्के खरं आहे, ओताऱ्यालाही विचारून झालं. मला वाटलं, ठिसूळ राहिला आणि पुन्हा दात पडले तर? सगळे उठायच्या आत मी स्क्रू काढून गिअर बाहेर घेतला, चहाच्या पातेल्यात पाणी घालून त्यात सोडला, मंद आचेवर ठेवला, आणि जरा खुर्चीत टेकलो. (जरा. पण खुर्ची जुनी ओळखीची.) मी जागा झालो तेव्हा सूनबाईंनी आधण तयार आहे असं समजून त्यात चहा-साखर घातली होती, आणि गाळताना गाळणीत दात्यांसकट अख्खा गिअर निघाला होता. चिरंजीव तोवर अर्धा कप प्यायला होता. तो म्हणाला, चव बरी होती.

नायलॉन रंग फार लवकर घेतो. गिअर आता चहाच्या रंगाचा आहे, चांगला दाट. त्याचं काही नाही. पण पाणी प्यायलेला नायलॉन फुगतो हे जे मला पाठ होतं, ते आठवलं गिअर परत बसवल्यावर. केसभरच फुगतो. चकतीला केसभर चालतं, आजूबाजूला मोकळी जागा असते. दोन लोखंडी चाकांच्या दातांत केसभरही जागा नसते. मशीन कण्हलं आणि अडकलं. तुझी भावजय म्हणाली, "काल चालत होतं." एवढंच म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवले. चिरंजीवाने बोळाकडे पाहिलं.

तर आजची स्थिती अशी. गिअर दोरीला बांधून खिडकीत टांगलाय, आणि मी हे पत्र त्याच्याखाली बसून लिहितोय. जे पाणी प्यायला ते सोडेल, पण सावकाश. सकाळी त्याला सूनबाईंचं केस वाळवायचं यंत्र दाखवलं. दुपारी त्यांच्या ओव्हनमध्ये मंद ठेवला (त्या केक झाला का बघायला वाकल्या आणि त्यांना दाते दिसले, आता ओव्हनला हात लावायची मला बंदी आहे). परवा रविवार. छत्री गेली, इस्त्री गेली. यापुढे भंगारवाल्याला काय द्यायचं ते ठरलेलं नाही, पण मशीन देणार नाही हे ठरलेलं आहे. हा गिअर नाही वाळला तर नवा ओतू. ओतारी कंटाळला तर त्याच्या शेडसमोर उभा राहून होडीची कविता पहिल्यापासून म्हणेन, तो ढवळायला येतो की नाही बघतो. मी हटणार नाही, अक्का. लहानपणी तू मला पतंगाच्या मागे जाण्यावरून 'हट्टी' म्हणायचीस. तो हरवलेला हट्ट मला या वयात पुन्हा सापडला आहे.

एक गोष्ट मात्र या वाळणाऱ्या चाकाकडे बघताना मनात येते. कारखान्यात खराब निघालेला नायलॉन आम्ही फेकत नसू. तो पुन्हा तापवला, उलटी वाट दाखवली, की ती लांब रांग सुटते आणि पोरं परत आपापल्या रिंगणात जाऊन उभी राहतात. पुन्हा पांढरे शुभ्र पापुद्रे, जसं काही झालंच नाही. नायलॉनला मागे जाता येतं. तू, मी, दोन खोकी, आई खाली उभी, आपल्याला ती सोय नाही. (कळलं, कळलं. डोळे पूस आणि पुढे लिही, असंच ना? पुसले.)

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, खांद्याला काळजीपूर्वक विश्रांती.

तुझा, अजूनही मागच्या बाकावरचा,
धाकटा

ता. क. आता खरं काम लिहितो, जे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. गिअर आज ना उद्या चालेल. पण मशीन नुसतं चालून खिडकीत राहणार नाही, त्याला शिवायला काहीतरी लागेल. गल्लीतले लोक आता तयार पडदे आणतात, गणवेश दुकानातून येतात. तो अभ्रा अर्धा राहिला तो घरातला शेवटचाच होता. ती हे मला बोलली नाही, पण हात मांडीवर ठेवले ते गिअरमुळे नव्हते, हे मला या दोरीखाली बसून समजलं. तेव्हा तू कापड पाठव. पडदे शिवून हवेत असं लिही. तुझे पडदे चांगले आहेत हे मला माहीत आहे, तरी एखादा फाड. ती माझं ऐकत नाही, चिरंजीवाचं अर्धं ऐकते, पण नणंदेचं काम परत पाठवणार नाही. हे मी सुचवलं असं कुठेही येऊ देऊ नकोस.

ता. क. दुसरा. रविवार सकाळ. गिअर बसला. किंचित घट्ट आहे, पण चालतो, आणि चालता चालता मोकळा होतोय. ती सध्या त्याच चिंधीवर रेघा मारतेय, चिंधी भरत आली. कापड लवकर पाठव. मी भंगारवाल्याला अडवायला फाटकात चाललोय, म्हणून पाकीट चिकटवायला हे पत्र तिच्याकडे देतो. काळजी नको, ती दुसऱ्याचं पत्र वाचत नाही. लग्न झाल्यापासून पाहतोय.

वन्सं, नमस्कार. पत्र वाचलं, नेहमीच वाचते. पडदा फाडू नका. कापड मात्र जरूर पाठवा, मापं घेऊन, आणि फुलाफुलांचं नको, जोडताना फुलं जुळत नाहीत. भंगारवाला आत्ताच मागच्या दाराने येऊन इस्त्री परत देऊन गेला, म्हणाला आजोबांनी चुकून दिली असेल. पळायचा पट्टा चिरंजीवाने आपल्या खोलीत नेला, कपडे वाळत घालायला चांगला आहे.

मशीन भंगारात द्या असं मी म्हटलं होतं ते खरंच म्हटलं होतं. त्याच दिवशी मला आठवलं की तुमच्या फोनखालच्या मशीनमध्ये हाच गिअर आहे, कोरा. सांगणार होते. तेवढ्यात हे खुर्चीतून उठले. मग नाही सांगितलं. पत्रात यांनी दोन्ही खोकी एकाच हातगाडीवरून आणली, तुम्हाला त्यांवर उभं केलं, कविता म्हटली, तरी अजून यांच्या लक्षात आलेलं नाही. तुम्हीही बोलू नका. तुमचा गिअर झाकणाखाली आहे तिथेच राहू द्या. हा तुटला तर हे पुन्हा करतील.

कापडाच्या पुडक्यात एक पळी तेवढी टाका.